मुशीच्या पोटावर ठेवलेला तळहात

माझ्या नवऱ्याचा तळहात मिठाने सोललेला होता, चैत्रातल्या जमिनीसारखा भेगाळलेला. आणि दमलेल्या कुठल्याही जिवावर तो सावलीसारखा अलगद उतरायचा. शेवगावच्या बाजारात ओझ्याने धापलेला बैल दिसला, की सुक्या मासळीचं आमचं दुकान सोडून ते उठत, त्याच्या कुशीवर हात ठेवत आणि गाडीवाल्याला म्हणत, "धाप उतरू दे, दादा. मग हाक."

दर्याने त्या हाताला हे शिकवलं होतं. ते ट्रॉलरवर होते तेव्हा जाळ्यात मुशी यायची. मुशी म्हणजे शार्क. पोहत राहिली तरच तिला श्वास मिळतो, आणि जाळं तिला थांबवतं. झुंजून झुंजून तिचं अंग लाकडासारखं ताठरतं, पांढऱ्या पोटावर लाली चढते. हाताखालची ती थरथर यांना सोसेना. मालकाची नजर चुकवून ते जिवंत मुशी पाण्यात सोडू लागले. पण सोडलेली मुशीही थोडी पोहून उलटी व्हायची, ते लाल पोट आभाळाला दाखवत बुडायची. उशिरा झालेली सुटका ही सुटकाच नव्हे, हे कळलं आणि त्यांनी बोट सोडली. मी सुकट घ्यायला बंदरावर जायची, तिथली आमची ओळख. लग्न करून ते माझ्यामागे घाट चढून आले.

बोट सोडल्याचं कारण ऐकून बाजार हसला. शेजारची भाजीवाली म्हणाली, "कोळी असून माशाला भ्याला गं तुझा दादला!"

"तुझा दादला तुझी धाप तरी वळखतो का, ते सांग आदी," मी म्हटलं. ते हसू मला अजून सलतं.

एका वैशाखात ट्रॉलरचा मालक स्वतः आला. एसटीडी बूथवर निरोप ठेवून थकला होता. "बोट सांभाळणारा तुझ्यासारखा तांडेल मिळत नाही, हरी. चल." मग माझ्याकडे वळला, "बोल बाई, काय घेशील?"

घासाघीस करण्यात मी अख्ख्या तालुक्यात कुणाला हार गेले नाही. पण मला यांचे हात दिसले: गुडघ्यांवर ठेवलेले, जाळ्यातल्या मुशीसारखे ताठरलेले.

"तुमचं जाळं मोठं हाय, मालक. पर ह्यो मानूस येळंवर सुटलाय. ह्याचा भाव न्हाई."

मालक गेला. यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे मला कळलं, की मीही धापत होते.

आता ते नाहीत. बाजार अजून त्यांना पळपुटाच म्हणतो, म्हणू दे. दुकानात ते बसायचे त्या गोणपाटावर मी कुणाला बसू देत नाही. दुपारचं ऊन तिथे येऊन टेकतं, माझ्या पाठीवर तळहाताएवढी ऊब उमटते, आणि मी काळाला बजावते: बाकी सगळं ओढून ने, एवढी जागा मी सोडणार नाही.