बल्बखालचं झाड

पैलिनने फांदी अंगठा आणि तर्जनीत धरली, हलका पीळ देत दाबली, आणि आतला गर मऊ पडल्याचं बोटांना कळताच ती आडवी केली. फांदी मोडली नाही. तिने नुसती मान टाकली.

"बघितलंत? बघितलंत का, बाबा?" पैलिन जवळजवळ उडीच मारून म्हणाली. "लोण्यासारखी वाकली!"

कुंडीच्या पलीकडे उकिडवा बसलेल्या खामफानने वर न बघता तिच्यापुढे तारेचा तुकडा धरला. जुन्या मोटारसायकलींमधून निघालेल्या, वरून रबर असलेल्या तारा तो याच कामासाठी जपून ठेवायचा.

"ओरडू नकोस. आई झोपली असेल."

"आई झोपत असती तर हे झाड लावलंच कशाला असतं आपण?"

बोलून गेल्यावर तिने ओठ चावला. खामफानने वाकवलेल्या फांदीभोवती तारेचा सैल वेढा घातला आणि दुसरं टोक कुंडीच्या काठाला पाडलेल्या भोकात अडकवलं.

"गच्च नसतं बांधायचं," तो म्हणाला. "फांदी जाड होते, मग तार सालीत रुतते."

"मला काय सांगता? मीच शिकवलंय तुम्हाला ते."

"तू नाही. तुझ्या मोबाइलने."

झाड कमरेपेक्षा उंच नव्हतं, पण पसरून एका मोटारसायकलीएवढं झालं होतं. सगळे शेंडे एका पातळीत, ताटात मांडल्यासारखे. मूळ फांदी गल्लीतल्या ओन मावशीच्या झाडाची. सरकारने घरी गांजा लावायची मोकळीक दिल्यावर गल्लीत ज्याने त्याने कुंड्या मांडल्या होत्या, पण ओन मावशीच्या झाडाची गोष्टच वेगळी होती. दवाखान्यातल्या गांजाच्या तेलाने पैलिनच्या आईच्या, केसोनच्या, छातीत धडधड व्हायची. मावशीने दिलेल्या तेलाचा तांदळाच्या दाण्याएवढा थेंब जिभेखाली ठेवला की ती वाटीभर पेज खायची आणि सकाळपर्यंत झोपायची. बाटली संपली. मावशीचं झाड पुरात गेलं आणि मावशी मुलीकडे बँकॉकला गेली. मागे राहिली ती ही कुंडी.

कुंडीच्या वर, पत्र्याच्या छपराला दोन बल्ब टांगलेले होते. इथला दिवस आखूड. झाडाला त्याच्या मनावर सोडलं, तर ते लांब रात्री ओळखतं आणि हातभर असतानाच फुलायला लागतं. म्हणून शेवंतीवाले लावतात तसे हे दिवे. दिवेलागणीला खामफान बटण दाबायचा आणि झोपायच्या वेळी बंद करायचा. झाडाला वाटायचं, दिवस अजून संपलाच नाही. ते वाढत राहायचं. तेल निघतं ते फुलांतून, आणि फुलोरा हवा असेल तर काही करायचं नव्हतं, फक्त दिवे लावायचे नव्हते.

आणि तेवढंच खामफान करत नव्हता.

"आज सोडू या ना अंधारात," पैलिन म्हणाली. "झालंय आता ते. एवढं मोठं झाड सगळ्या गल्लीत नाही."

"या बाजूला अजून जागा आहे."

"हेच तुम्ही मागच्या आठवड्यात म्हणालात. त्याच्या मागच्याही."

त्याने खिशातून कात्री काढली. पैलिनने त्याचं मनगटच धरलं.

"शेंडा खुडू नका! खुडला की ते परत मागे जातं. नवीन फुटवे, नवीन फांद्या, मग परत वाकवा..."

"रुंद होतं."

"कोणासाठी रुंद? दुकान काढायचंय का आपल्याला?"

तिच्या पकडीत मनगट तसंच ठेवून त्याने दोन बोटांनी कात्री मिटली. कोवळा शेंडा त्याच्या तळहातावर पडला. तो त्याने खिशात घातला, टाकून देणं जिवावर आल्यासारखा. पैलिनने उरलेली तार जमिनीवर आपटली आणि स्काउटच्या गणवेशाला लागलेली माती झटकत ती आत गेली.

आतल्या खोलीची खिडकी थेट छपरीकडे उघडत होती. खिडकीखालच्या लाकडी बाजेवर केसोन दोन उश्यांना टेकून पडली होती. ती झोपली नव्हती.

"संपलं भांडण?" ती म्हणाली. "मला वाटलं, अजून एक फेरी होईल."

"आई, बाबांना अक्कल नाहीये."

"ते मला लग्नाआधीच कळलं होतं. माझ्या वडिलांची स्कूटर दुरुस्तीला घेऊन गेले ते. मला विचारायचं होतं, पण माझं उत्तर काय येईल याची भीती. म्हणून स्कूटर पुन्हा पुन्हा खोलत बसले. चांगली चालू होणारी स्कूटर, पण परत म्हणून देईनात. शेवटी मीच गेले गॅरेजमध्ये आणि म्हटलं, हो. आता गाडी द्या."

पैलिन हसली. आईनेही हसायचा प्रयत्न केला, पण मध्येच डोळे मिटून ती थांबली, आणि कळ सरेपर्यंत पैलिनने वाटीतली पेज उगाच ढवळली.

पहिला चमचा गेला. दुसरा अर्धा. तिसऱ्याला केसोनने तोंड फिरवलं.

"मावशीचं तेल असतं तर वाटी संपवली असतीस."

"असती."

"मग तू सांग ना त्यांना! तुझं ऐकतील." पैलिन वाटी खाली ठेवून बाजेच्या कडेला सरकली. हा विषय तिचा होता. गेल्याच आठवड्यात जीवशास्त्राच्या बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं होतं, फुलझाडांना रात्र कशी कळते ते सांगायला, आणि तिने ते असं सांगितलं होतं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प झाली होती. तेव्हापासून तिला आपला आवाज आवडायला लागला होता. "अगं, सोपं आहे. आज दिवे लावले नाहीत, तर सप्टेंबरात कळ्या दिसायला लागतील. मग फुलं भरायला ऑक्टोबर, नोव्हेंबर. मग सावलीत वाळवायची, मग तेलात मुरवायची." तिने एकेका महिन्याला एकेक बोट उघडलं. "म्हणजे डिसेंबर. थंडी पडता पडता..."

उघडलेल्या बोटांकडे केसोन बघत होती. हिशेब चुकलाय का ते तपासावं, तशी.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचाही एवढाच आला."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, मेणाचे राजवाडे निघतील तोवर. फार तर."

बाहेर खामफान नळाखाली हात धूत होता. मेणाचे राजवाडे ऑक्टोबरात मिरवत निघायचे, भिक्खूंचं पावसाळी व्रत सुटताना. दर वर्षी मिरवणुकीत पैलिनच्या शाळेचा नाच असायचा. यंदा ती पहिल्या रांगेत होती.

तिने बोटं मिटली. एक एक करून नाही, सगळी एकदम.

"गेल्या महिन्यात दवाखान्यातून आलो ना आम्ही," केसोन म्हणाली, "त्याच संध्याकाळी खुडायला लागले ते. त्यांना बोलू नकोस काही. दिवा बंद केला की मोजणं सुरू होतं."

"तेव्हाच सोडलं असतं तर?"

"तरी नसतंच पुरलं गं."

पैलिनने वाटी उचलली, परत ठेवली, चादरीची घडी सारखी केली.

"आज लावू देऊ नकोस दिवे," केसोन म्हणाली.

"पण तुला तर..."

"मला नाही." तिने श्वास घेतला. "तुझे बाबा आत्ताही झोपत नाहीत. माझ्या पायाशी बसून असतात. पुढे तर अजिबात झोपायचे नाहीत. न झोपलेला माणूस गाडीखाली शिरून काम करतो, मला भीती वाटते. डिसेंबरात होईल म्हणतेस ना तेल? तेव्हाच लागेल. दाण्याएवढंच दे हं. जास्त झालं तर हसत सुटतील आणि गिऱ्हाइकं पळून जातील."

छपरीत सावल्या लांबल्या होत्या. डबक्यातले बेडूक सुरू झाले होते. खामफान हात पुसत खांबावरच्या बटणाकडे आला, तर खांबाला पाठ लावून पैलिन उभी.

"सरक."

"आज नको, बाबा."

"अगं, ती बाजू अजून..."

"आई म्हणाली."

त्याचा हात तसाच अधांतरी राहिला. "काय म्हणाली?"

सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. गाडीखालचं, दाण्याएवढं, डिसेंबर. पैलिनने गिळलं.

"म्हणाली, तिला फुलं बघायचीयत."

खामफान झाडाकडे बघत राहिला. त्याचे ओठ किंचित हलले.

"फुलं दिसतील," तो सावकाश म्हणाला. "तेल नाही, पण..."

"हो. राजवाड्यांच्या आधी दिसतील."

त्याने झटकन तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली नेली नाही, पण ओठ घट्ट मिटून धरावे लागले. मग त्याने तिच्या खांद्यावरची माती झटकली. माती तिथे नव्हतीच.

अंधार उतरत गेला, पण झाडाच्या एका बाजूवर पिवळा चौकोन तसाच राहिला. तो आतल्या खोलीतला उजेड होता, खिडकीतून पडलेला. तिथली पानं लख्ख दिसत होती.

"हाही नको," पैलिन हळूच म्हणाली. "एवढ्यानेही त्याला रात्र कळत नाही."

"माहितेय," खामफान म्हणाला.

तो आत गेला. बटणाचा आवाज झाला आणि चौकोन विझला. झाड होतं तिथे आता काही दिसत नव्हतं, नुसता वास येत होता. मग बाज करकरली.

"इतक्या लवकर?" केसोनचा आवाज आला.

खामफान काय म्हणाला, ते बाहेर ऐकू आलं नाही.