रुखवतातलं घर

स्वप्नाची हौस डहाणूत सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळ्यांची तिला नावं ठेवूनही झाली होती. बत्तीस वर्षांची घोडी, कचेरीत कारकून, आणि संध्याकाळी घरी आली की बाहुलीचं घर मांडून बसते, म्हणजे काय म्हणायचं? पण हौसेला मोल नसतं. ओळखीच्या ड्राफ्ट्समनकडून ती बंगल्यांचे जुने निळे नकाशे मागून आणायची आणि गादीखाली सपाट करून ठेवायची. त्यातला एक दुमजली बंगला तिच्या मनात भरला, आणि फुटाला एक इंच या हिशेबाने तिने तो प्लायवूडमध्ये उभा केला. आत काय नव्हतं ते विचारा. ओटीवर कड्यांचा झोपाळा, स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा, दोरी ओढली की गरगर फिरणारी ताकाची रवी. काही महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलेलं, काही नाशिकच्या तांबटाकडून, काही रविवारी स्वतः कापून-घासून केलेलं. बारा वर्षांत तिने दुसरं काही जमवलं नाही.

मग नव्वद साली धाकट्या सोनलचं लग्न तलासरीच्या विपुलशी ठरलं आणि या घरावर तात्यांची नजर गेली. तात्या म्हणजे दोघींचे वडील, रेल्वेतून निवृत्त, अब्रूला भारी जपणारे. विपुलकडे चिकूची वाडी, भाताची गिरणी, माणसं तालेवार. रुखवतात नवरीच्या हातचं काहीतरी मांडायला हवं, आणि सोनलला तर साधं बटण लावायला सांगितलं तरी सुई बोटात घुसायची.

"तुझं घर मांडू की," तात्या स्वप्नाला म्हणाले. "दोन घटका मांडायचं आणि उचलायचं. त्यात कोणाचं काय जातंय?"

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तात्यांना कधीच जड गेलं नाही.

स्वप्नाने हो म्हटलं, कारण सोनलवर तिचा जीव होता. आई गेल्यावर पोरीच्या वेण्या तिनेच घातल्या होत्या. घरापुढे 'चि. सौ. कां. सोनल हिच्या हातचे' अशी पाटी लागली, आणि अक्षर चांगलं म्हणून ती लिहिलीही स्वप्नानेच. मांडवात ते घर बघायला बायकांची झुंबड उडाली. विपुलची आई हिरकणीबाई कमरेवर हात ठेवून किती वेळ बघत राहिल्या, आणि निघताना त्यांनी घर सरळ टेम्पोत चढवायला सांगितलं. रुखवत नवरीबरोबर जातं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तात्यांनाही होतं, पण एवढं अवजड धूड कोण नेतंय, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. स्वप्ना मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. बोलावं तर बहिणीचं हसं, न बोलावं तर घर गेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दिवाळीला सोनल माहेरी आली तेव्हा स्वप्नाने विषय काढला.

"ताई, तू संक्रांतीला ये," सोनल म्हणाली. "सासूबाईंना सांगते, रंग उडालाय, ताईकडे दुरुस्तीला देते म्हणून. एकदा तिथून हललं की परत कोण विचारतंय?"

स्वप्नाला तेवढं पुरे होतं. तिने घरातल्या चीजवस्तूंसाठी ट्रंक रिकामी केली, आत कापूस अंथरला आणि संक्रांतीची वाट बघत बसली.

हळदीकुंकवाच्या दिवशी तिळाचे लाडू आणि ती ट्रंक घेऊन ती एसटीने तलासरीला उतरली. हिरकणीबाईंच्या ओटीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. सोनल अंगभर हलव्याचे दागिने घालून, परात घेऊन प्रत्येकीपुढे वाकत होती. वाणाला कुंकवाच्या डब्या किंवा वाट्या असतील असं स्वप्नाला वाटलं. जवळ जाऊन बघते तर परातीत तिचा पाटा, तिचा वरवंटा, तिचा झोपाळा. रवी आधीच कुणाच्या तरी हातात गेली होती, आणि ती बाई दोरी ओढून शेजारणीला गंमत दाखवत होती. कोपऱ्यात घर उघडं पडलं होतं, आत एक चमचासुद्धा शिल्लक नव्हता.

"केम मोठीबेन, उशीर केलास," हिरकणीबाई म्हणाल्या. "सुनेची पहिली संक्रांत. म्हटलं, तिच्याच हातचं वाण लुटू."

त्यांनी स्वप्नाला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि परात मात्र पुढच्या बाईकडे सरकवली. "वाण सवाष्णींचं हो. पुढच्या वर्षी जोडीने ये, मग देईन." बायका हसल्या. त्यात वाईट मनाची एकही नसेल, पण स्वप्नाच्या अंगाची लाही लाही झाली.

"आता आमच्या पुतळीचं लग्न काढतोय," हिरकणीबाई बायकांना सांगू लागल्या. पुतळी त्यांची लेक. "तिच्या रुखवताला सोनल असंच दुसरं घर करणार आहे."

सोनलने ताईकडे पाहिलं. ती नजर स्वप्नाला पाठ होती. गृहपाठ राहिला की पोरगी अशीच बघायची, आणि स्वप्ना मुकाट्याने वही ओढून घ्यायची.

"ती नाही करणार," स्वप्ना म्हणाली. "तिला येत नाही. ते घर माझं आहे. सगळं मी केलंय, मी जमवलंय."

हिरकणीबाईंनी स्वप्नाचा दंड धरला आणि तिला आत नेलं. सोनल मागोमाग आली.

"मला काय हे आज कळतंय?" हिरकणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "लग्नाला आठवडा झाला नाही तोच कळलं. उशीचा अभ्रा शिवता येत नाही, ती ही असली रवी करणार? मी वाट बघितली. वाटलं, तुमच्यातलं कोणीतरी येईल, म्हणेल, बाई, चुकलो, घर परत द्या. त्याच दिवशी दिलं असतं. दिवाळी गेली, चिटपाखरू आलं नाही. मग मी म्हटलं, सुनेचं म्हणून आलंय, सुनेच्या नावाने जाऊ दे. खरं बोलायचं तर मांडवात बोलायचं होतंस. आज माझ्या ओटीवर, चार गावच्या बायकांपुढे माझी सून खोटी पाडलीस. ती आता इथे तोंड कसं दाखवणार?"

"मला माझ्या वस्तू हव्यात," स्वप्ना कशीबशी म्हणाली.

"लुटलेलं वाण परत मागतात का?"

स्वप्ना सोनलकडे वळली. "तू तरी सांग. मी मागितलं होतं. दिवाळीला तू मला शब्द दिला होतास. एवढंच सांग."

सोनलने मनगटावरचा हलव्याचा गोठ सारखा केला. मग ती सासूला म्हणाली, "आई, ताईची एसटी चुकेल."

स्वप्ना बाहेर आली. ओटीवरच्या बायकांनी पाय आवरून तिला वाट दिली. एकही तिच्याकडे बघत नव्हती, आणि जिने तिने वाण धरलेली आपली मूठ घट्ट मिटून पदराखाली घेतली होती.