डाव्या बाजूचं दार

बहीण फुमियो आणि मेहुणा मोटारीच्या अपघातात गेले आणि कियोताकाच्या घरात माणसं झाली सहा. गाडी मात्र चौघांचीच राहिली. तो, बायको नात्सुए, म्हातारी आई, दोन लहान मुलगे आणि बहिणीची नऊ वर्षांची मिझुहो. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. मेहुण्याचं गाव डोंगरापलीकडे, तिथली रेल्वे केव्हाच बंद झालेली. सगळ्यांना एकत्र न्यायचं तर मोठी गाडी हवी, म्हणून रविवारी तो हमादा शहराच्या हमरस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात गेला. मिझुहो आजीबरोबर बसने आली. अपघातानंतर पोरीने कुठल्याही मोटारीत पाऊल ठेवलं नव्हतं. बस तिला चालायची, बसमध्ये उभं राहता येतं, म्हणायची.

दुकानाच्या मालकीण इवामोतोबाईंनी एक करडी, आटोपशीर गाडी दाखवली. बाहेरून लहानखुरी, आत सीटच्या तीन रांगा.

"सात जण आरामात बसतात," बाई म्हणाल्या. "आजींना शेवटच्या रांगेत बसवा, म्हणजे चालवणाऱ्याला सूचना ऐकू येत नाहीत."

"माझा आवाज अजून ऐकला नाहीत तुम्ही," आजी म्हणाली.

कियोताका हसला. फार दिवसांनी हसला. बाईंनी सरकतं दार उघडून कडेचा छोटा खटका दाखवला. "घरात लहान मुलं आहेत ना? हा खाली केला की दार आतून उघडतच नाही. काळजी मिटली."

"मग मी नाही बसणार," मिझुहो म्हणाली.

"अगं, शोगो दोन वर्षांचा आहे. चालत्या गाडीत त्याने दार उघडलं तर?" धाकट्याच्या काळजीने कियोताका म्हणाला.

मिझुहो खटक्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात बोलू लागली, जणू दाराशीच.

"आई पुढून सांगत होती. दार उघड, बाहेर जा, म्हणत होती. मी ओढत होते. उघडतच नव्हतं. मग ती बोलायची थांबली. तिला वाटलं असेल, मी ऐकत नाहीये."

रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या. इवामोतोबाई मागे सरकल्या. वर्षभर आजी ज्याला त्याला विचारत होती, माझी फुमियो शेवटी काही बोलली का. दवाखान्यात विचारलं, पोलिसांना विचारलं. या पोरीला तेवढं विचारायचा धीर झाला नव्हता. म्हातारी तिथेच, दाराच्या पायरीवर, बसली.

"शेवटचं हेच बोलली?"

"हो."

आजीने तिला जवळ ओढलं. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

कियोताकाला वाटलं, आपण सीटा मोजल्या, डिकी पाहिली, टायर पाहिले; पण घरात घेतलेल्या पोरीला भीती कशाची वाटते, हे कधी विचारलंच नाही. त्याने वाकून डाव्या दाराचा खटका वर केला.

"शोगो उजवीकडे बसेल, तिकडचं बंद. हे दार तुझं. पण गाडी थांबल्याशिवाय हात लावायचा नाही. कबूल?"

"थांबल्यावर लगेच उघडेल?"

"इंजिन बंद असलं तरी," बाईंनी किल्ली काढून घेत सांगितलं. "बघ ओढून."

मिझुहो आत चढली. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मामा बाहेर उभा राहिला. तिचं समाधान होईपर्यंत कुणीही घाई केली नाही.

वर्षश्राद्धाला जाताना घाटात बर्फ साचलेला होता. बोगद्यात मिझुहोने दाराची मूठ घट्ट धरली. तोंड पांढरंफटक पडलं. बोगदा संपताच म्हणाली, "मामा, थांब."

त्याने कडेला गाडी घेतली. तिने दार सरकवलं, उडी मारली आणि रस्त्याकडेला ओकली. नात्सुए पाण्याची बाटली घेऊन गेली. कियोताका स्टिअरिंगपाशीच बसून राहिला. आता ही परत बसली नाही तर? इथे बसही येत नाही. पण त्याने हाक मारली नाही. पोर चूळ भरून थोडा वेळ वाऱ्यात उभी राहिली, मग आपण होऊन आत आली आणि दार ओढून घेतलं.

"चला."

स्मशानात आजीने मुलीच्या समाधीच्या दगडावर पाणी ओतलं. मग ती बाजूला झाली. मिझुहो पुढे झाली, हात जोडून बर्फात गुडघे टेकले आणि कितीतरी वेळ हलक्या आवाजात बोलत राहिली. काय बोलते ते ऐकायला कुणी जवळ गेलं नाही.