बिनएप्रनचे मदतनीस

“म्याडम, पंधरा तारखेला गुलाबाला कोण इचारतंय? काट्यापायी शेळीबी तोंड लावत न्हाई त्याला,” खिडकीचा गज धरून गुलाब पिकवणारे हौशीराम आबा म्हणाले.

हसिनाने पडद्यावरची नजर हलवली नाही. “माहीत आहे, आबा. बघतेय.”

“सकाळधरनं बघताच हाय तुमी.”

खिडकीबाहेर, सोमाटण्याजवळच्या त्या फूलकेंद्राच्या आवारात, माल गार ठेवणारी थंड गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. परंदवडी, शिरगाव आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांचे लाल गुलाब तिच्यात रचून झाले होते. चौदा फेब्रुवारीसाठी परदेशी जाणारा हा शेवटचा माल. दुपारच्या आत गाडी निघाली, तरच विमान मिळणार होतं. अडलं होतं एका अहवालावर. पॉलीहाऊसमधून तोडल्यापासून कुठली जुडी किती थंडीत राहिली, हे सांगणारा तो अहवाल सोबत नसेल, तर तिकडचा खरेदीदार माल उतरवूनच घेत नसे.

अहवाल तयार करणारा प्रोग्रॅम दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकांच्या ताफ्यावर चाले. त्या ताफ्याला सगळे क्लस्टर म्हणत. आज तो प्रोग्रॅम सुरू होई आणि तसाच बसून राही. आणि क्लस्टरमधली दारं, म्हणजे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जायच्या वाटा, बंद केली होती ती हसिनानेच. हे आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“दारं लावली म्याडमनी आन् आमीच भायेर,” कोणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले. हसिनाला ते ऐकू आलं.

लोणावळ्यात फिजिक्स घेऊन ती बी.एस्सी. झाली होती. मग लग्न, दोन मुलं, मळवलीच्या बंगल्यांची बुकिंग घेण्याचं काम. मुलं मोठी झाल्यावर ती इथे आकडे भरायला लागली. क्लस्टर बसवून देणारा माणूस मध्येच सोडून गेला, तेव्हा कोणी सांगितलं नसताना ती ते काम शिकत गेली. पगारपत्रकावर ती अजूनही ‘ऑपरेटर’च होती.

केंद्राचा व्यवस्थापक अमृत आत आला. वयाने तिच्यापेक्षा लहान, आज घामाने भिजलेला.

“मॅडम, ते तुमचं बंद-बिंद सगळं काढून टाका ना. रिपोर्ट निघू दे. संध्याकाळी परत लावा.”

“त्याच क्लस्टरवर सगळ्यांच्या बँकखात्यांची माहिती आहे, सर. गेल्या वर्षी जो कोणी आत शिरला, तो संध्याकाळ व्हायची वाट बघत बसला नव्हता.”

“आणि गाडी नाही गेली तर? सगळे काय म्हणतील?”

“गाडी जाईल.”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच दचकायला झालं.

अमृत गेला. तिने पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्यापासून बघायला घेतलं. क्लस्टरवर प्रत्येक काम आपापल्या बंद खोलीत चाले. त्या खोलीला कंटेनर म्हणत. कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जायचं, हे तिने लेबलांवरून ठरवून दिलं होतं. ज्याला लेबल नाही, त्याला वाट नाही. ही कल्पना तिला इथल्याच प्रतवारीच्या हॉलवरून सुचली होती. तिथे निळं एप्रन घातलेल्या बाईलाच गुलाबांच्या टेबलापर्यंत जाता येई. बाकीच्यांना दारातच थांबावं लागे.

मग आजच का अडलं? पावसाळ्यात सगळं बंद करून तिने चाचणी घेतली होती, आणि अहवाल सुरळीत निघाला होता.

पावसाळ्यात.

ती खुर्चीत ताठ बसली. पावसाळ्यात निर्यात नसतेच. चाचणीला माल होता तो गणपतीतल्या हारांचा. तेवढ्या नोंदी मुख्य प्रोग्रॅमने एकट्यानेच उरकल्या असणार. त्यानंतरचा मालही बेताचाच होता; आज मात्र नोंदींचा डोंगर होता. कामाचा डोंगर दिसला की तो मुख्य प्रोग्रॅम, म्हणजे तिथला मुकादम, आपणहून मदतनीस बोलावून घेई. प्रत्येक मदतनीस नव्या कंटेनरात उभा राही. लेबल दिलं होतं ते मुकादमाला. मदतनिसांना तिने काहीच दिलं नव्हतं.

तिने यादी उघडली. मदतनीस येत होते, मुकादमापर्यंत पोचता न आल्याने मरत होते, त्यांच्या जागी नवे येत होते. एकाच्याही अंगावर लेबल नव्हतं.

“मुक्ताबाई!” तिने खिडकीतून हाक मारली. प्रतवारीच्या हॉलवर देखरेख करणाऱ्या मुक्ताबाई चहा पीत उभ्या होत्या. “सीझनला नव्या बाया आल्या, तर त्यांना एप्रन कोण देतं?”

“मीच की. त्या काय घरनं आणत्यात व्हय?”

“मी द्यायचं विसरले होते.”

“आं? कुनाला?”

पण हसिना टाइप करायला लागली होती. मदतनिसांचा जो साचा होता, त्यातच तिने लेबल घातलं. मुकादम दर वेळी वेगळ्याच पोर्टवर, म्हणजे वेगळ्याच खिडकीशी, ऐकत बसे. त्याला एकच पोर्ट ठरवून दिला आणि तेवढ्याच एका वाटेची परवानगी लिहिली. काम पुन्हा चालू केलं.

मदतनीस उभे राहिले. लेबल होतं. आणि पुन्हा मेले.

“झालं का वो?” खिडकीतून आबा.

“थांबा, आबा.”

“गाडीवाला म्हनतोय, घाटात ट्रॅफिक लागंल.”

“आबा, दोन मिनिटं गप्प बसता का?”

आबा मागे वळले. सगळ्यांनाच त्यांनी हाताने गप्प केलं.

तिने मेलेल्या मदतनिसाची नोंद ओळीओळीने वाचली. घाईत वाचलं की डोळा ओळी गाळतो, हे तिला प्रयोगशाळेपासून माहीत होतं. शेवटून थोडी वर ती ओळ सापडली. मुकादमाकडे जायची परवानगी होती, पण मुकादम राहतो कुठे, हे मदतनिसाला समजत नव्हतं. नावावरून पत्ता सांगणारी एक सेवा क्लस्टरमध्ये असते. तिला विचारायची मुभा मुकादमाला होती. मदतनिसांना ती देऊन ठेवायचं राहिलं होतं.

तिने एक नियम वाढवला. पुन्हा वाचला. काम पुन्हा चालू केलं.

पहिला मदतनीस मुकादमाकडे हजर झाला. मग दुसरा, तिसरा, मग ओळीने सगळे. कामाची पट्टी सरकायला लागली, आधी रेंगाळत, मग भरभर. हसिनाने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. पट्टी भरली. शेजारचा प्रिंटर घरघरला आणि अहवालाचं पहिलं पान बाहेर आलं.

“सर!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की अमृत धावतच आला.

पानं हातात घेऊन तो ड्रायव्हरकडे पळाला. थंड गाडी फाटकातून बाहेर वळली आणि आवारात एकच ओरडा झाला. मुक्ताबाईंच्या बाया हातमोज्यांनीच टाळ्या वाजवत दारात आल्या. आबांनी टोपी काढून हवेत उडवली, ती शेडच्या पत्र्यावर अडकली, आणि सगळे आणखी जोरात हसले.

“म्याडम,” आबा बोडक्या डोक्याने खिडकीशी आले, “मगाशी लय बोललो. पन दारं उघडली का न्हाई शेवटी?”

“दोनच, आबा. जेवढी लागत होती तेवढीच.”

“आन् बाकीची?”

“बंद.”

“लय झ्याक,” आबा म्हणाले, आणि पत्र्यावरची टोपी काढायला काठी शोधत निघाले.

“हसिनाताई, जेवाय चला!” मुक्ताबाईंनी हाक मारली. “तुमच्यासाठी ठेचा ठेवलाय.”

“आले.”

पण आधी एक काम होतं. आत डोकावता यावं म्हणून तिने सकाळी स्वतःच्या संगणकापुरती एक वाट उघडली होती. ती तिने पुसली. मग खात्री करण्यासाठी बाहेरून आत जायचा प्रयत्न करून बघितला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही.

हसिना त्या ओळीकडे बघून मनापासून हसली, पडदा बंद केला आणि जेवायला गेली.