पुस्तक नसलेली कार्डं

मित्रांनो, मी एक जुना खण आहे. कपाटाचा खण, पण कपाट माझ्याजवळ नाही. माझी एकोणसाठ भावंडं होती, तीही नाहीत. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात, एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळमजल्यावरच्या काउंटरवर मी एकटाच पडून असतो. माझ्या पुढच्या भागात पेनं, टाचण्या, एक तुटका चष्मा आणि कुणाची तरी लवंग घातलेली अर्धी सिगरेट आहे. मागच्या भागात कार्डं आहेत. त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

माझा जन्म जवळच्या क्लातेन गावच्या एका सुताराकडे झाला. अस्सल जुन्या सागाचा आहे मी, हे सांगायला मला अजूनही आवडतं. साठ खणांचं आमचं कपाट पाहायला सुताराची अख्खी गल्ली जमली होती म्हणे. प्रत्येक खणाच्या तोंडावर पितळी चौकट आणि चौकटीत अक्षरं. माझ्यावर लिहिलं होतं ‘सास ते सेत’. खणाच्या तळाशी एक लोखंडी सळई असे. ती सगळ्या कार्डांना ओवून धरी, म्हणजे कुणी कार्ड पळवू नये. आमच्या जावा बेटावर ‘सास्त्रो’ने सुरू होणारी नावं इतकी, की माझं पोट कायम तट्ट फुगलेलं. शेवटचा खण मात्र चार कार्डं घेऊन ऐटीत बसायचा. मला त्याचा फार राग येई.

त्या काळी आमच्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं. तीन मजले भरून पुस्तकं आणि प्रबंध होते, पण कुठलं कुठे आहे ते आम्हालाच ठाऊक. कार्डावर लेखकाचं नाव आणि पुस्तकाचा नंबर असे. दिवसभर बोटं पोटातून फिरत. शाईची बोटं, शेंगदाण्याच्या टरफलांची बोटं, परीक्षेच्या भीतीने ओलसर झालेली बोटं. एकदा एक प्राध्यापक म्हणाले होते, “हे कपाट नसेल तर वरचे तीन मजले म्हणजे नुसती रद्दी.” ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे.

कार्डं टाइप करायच्या इबू स्रियातुन, म्हणजे स्रियातुनबाई. डावखुऱ्या, बारीक आणि जिभेने तिखट. आमच्याकडे लग्न झालं की पुरुषाला नवं, मोठ्या माणसाचं नाव मिळतं. लहानपणचं नाव मागे पडतं आणि मग ते कुणी तोंडातून काढत नाही, कारण तो अपमान समजतात. आता विद्यार्थी असताना लिहिलेला प्रबंध लहानपणच्या नावावर आणि पुढे जग ओळखणार दुसऱ्याच नावाने! म्हणून इबू स्रियातुन एक जास्तीचं कार्ड करायच्या. त्यावर नंबर नसे. वर नवं नाव आणि खाली ‘पाहा’ लिहून जुनं नाव, बस.

त्यांचे साहेब होते पाक दानु; वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही ‘बापाक’ किंवा नुसतं ‘पाक’ म्हणतो. त्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. “इबू, या कार्डावर पुस्तकच नाही. नुसता कागद वाया!”

“पुस्तक नाही, पाक, पण पुस्तकाकडे जायची वाट आहे.”

“कुणाला हवी आहे ही वाट?”

“तुमचंच घ्या ना. तुमचं लहानपणचं नाव इथे कुणाला माहीत आहे? मला आहे. सांगू सगळ्यांना?”

पाक दानु लालबुंद झाले आणि चहा घ्यायला निघून गेले. कार्डं चालू राहिली.

एक दिवस मला चांगला आठवतो. गुनुंगकिदुलच्या कोरड्या डोंगरातून आलेला एक मुलगा होता, पोनिरान. दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या भागातल्या झऱ्यांवर प्रबंध लिहिला होता. त्या दिवशी तो रंबुतान फळांची करंडी घेऊन आला. मागे नवी नवरी. तिच्या चपलाही नव्या आणि टाचेला चावलेल्या.

“काय रे, आता काय म्हणायचं तुला?” इबूंनी विचारलं.

“सास्त्रोवियोनो, बू. सासऱ्यांनी ठेवलं.”

“अगं बाई, केवढं लांब! कार्डावर मावलं म्हणजे मिळवली.”

नवरी तोंडावर हात ठेवून हसली. इबूंनी तिथल्या तिथे कार्ड केलं आणि माझ्या पोटात ओवलं.

पुढे तीस-एक वर्षांनी कॉम्प्युटर आले. कार्डं उतरवून घ्यायला विद्यार्थी बसवले होते. त्यांना सांगितलं होतं, “ज्यावर पुस्तकाचा नंबर नाही ते कार्ड बाजूला टाका.” सांगणारा काही वाईट नव्हता. त्याला वाटलं, ज्यावर पुस्तक नाही ते कार्ड कशाला हवं? इबू स्रियातुन तेव्हा हयात नव्हत्या. माझ्या भावंडांच्या पोटातली ‘पाहा’ लिहिलेली सगळी कार्डं पोत्यात गेली. पुढे कित्येक महिने लोक त्यांच्या कोऱ्या पाठीवर चहाच्या ऑर्डरी लिहीत होते.

माझी सळई मात्र गंजली होती. ती निघेना, म्हणून माझी ‘पाहा’ची कार्डंही निघेनात. मुलांनी माझी नंबरवाली कार्डं जागच्या जागी चाळून उतरवून घेतली आणि मला मागच्या अंगणात सुताराकडे धाडलं. त्याने तेल घातलं, ठोकलं, शिव्या दिल्या आणि हात टेकले. तेवढ्यात आमचं कपाट फाटकासमोरच्या कॉफीच्या दुकानाला विकलं गेलं. मला परत आणलं तेव्हा जमिनीवर कपाटाच्या पायांचे चार फिकट डाग तेवढे उरले होते. मग कुणीतरी माझ्यात एक पेन टाकलं. दुसऱ्याने दुसरं टाकलं. झालो मी पेनांचा डबा!

मित्रांनो, मला फार एकटं वाटायचं. माणसं जवळ नव्हती असं नाही. दिवसभर हात माझ्यापर्यंत येत होते, पण पेनापाशी थांबत होते. माझ्या पोटात एवढी नावं आहेत हे कुणाच्या गावीही नव्हतं. वर्षानुवर्षं माझी चौकट कुणी वाचली नाही.

आणि मग गेल्या वर्षी, जूनमधल्या एका सकाळी, इबू मुर्याती आल्या. निवृत्त शिक्षिका, साठीच्या, गुडघ्यांनी बेजार. काउंटरवर होती आमची तिवी, सगळ्यांची ‘म्बाक’, म्हणजे ताई. मुलगी चटपटीत आणि मनाने चांगली.

“म्बाक तिवी, मीच परत. तिसरी खेप. कंटाळलीस ना मला?”

“छे हो, इबू! थिवूल आणणार असाल तर रोज या.”

बाईंनी केळीच्या पानातली पुडी पुढे सरकवली. कसाव्याच्या कंदाच्या पिठापासून वाफवलेल्या थिवूलचा वास माझ्यापर्यंत आला. “उद्या मुलाकडे चालले, लांपुंगला. कायमची. या गुडघ्यांनी समुद्र ओलांडून पुन्हा येणं काही व्हायचं नाही. आज शेवटचं बघ गं, माझ्या वडिलांचं नाव.”

तिवीने नाव टाइप केलं. “सास्त्रोवियोनो... नाही हो, इबू. त्यांचं लहानपणचं नाव कळलं का कुठून?”

“कोण सांगणार? मी तीन वर्षांची असताना गेले ते. आईने कधी ते नाव तोंडातून काढलं नाही. आता तीही नाही, काकाही नाहीत. गावात तर म्हणतात, तुझा बाप कसला शिकलेला, विद्यापीठाच्या दारात शेंगा विकत असेल.” बाई कसनुसं हसल्या. “मला काही मोठं नको. त्यांनी लिहिलेली एक ओळ एकदा डोळ्यांनी बघायची आहे.”

मित्रांनो, ते नाव माझ्या पोटात होतं! बाईंच्या हातापासून वीतभर अंतरावर. त्यांच्या आईच्या चावणाऱ्या चपलासुद्धा मी पाहिल्या होत्या. मला ओरडावंसं वाटलं. पण लाकडाला कुठली आलीय जीभ?

“एक अर्ज भरून ठेवा,” तिवी हळू आवाजात म्हणाली. “सापडलं तर कळवीन. त्या डब्यातलं पेन घ्या.”

बाईंनी पेन घेतलं. ते उमटेना. दुसरं घ्यायला हात आला आणि थबकला. त्यांनी अंगठ्याने माझी पितळी चौकट पुसली.

“हा डबा नाही गं. हा खण आहे. आमच्या अध्यापक विद्यालयात होते असे. ‘सास ते सेत’. चाळू का?”

“चाळा की. पण त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर आलंय.”

“असू दे. हाताला सवय आहे.”

बोटं आत शिरली. किती वर्षांनी! धूळ उडाली, बाई शिंकल्या, पुन्हा चाळू लागल्या. मग थांबल्या.

“सास्त्रोवियोनो,” त्यांनी वाचलं. “पाहा...” त्यांनी मला अख्खाच तिवीकडे वळवला. “खालचं तू वाच, पोरी. माझ्या तोंडून नको.”

“पोनिरान,” तिवी म्हणाली. तिची बोटं पळाली. “आहे! इबू, आहे! झऱ्यांवरचा प्रबंध, तिसऱ्या मजल्यावर!”

प्रबंध खाली आला. तो बाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून बाई काउंटरजवळच्या टेबलावर दिवसभर वाचत बसल्या. एका झऱ्याच्या आकड्याशेजारी निळ्या शाईने लिहिलं होतं, ‘हा आकडा चुकला होता. पुन्हा जाऊन मोजला.’ बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते काढलंच नाही.

“बघ, तिवी, पुन्हा गेले होते ते. एवढ्या उन्हात. कुणी विचारलंही नसतं.”

निघताना त्या माझ्यापाशी आल्या. कार्डावर हात ठेवून पुटपुटल्या, “माफ करा, बापाक.” मग एकदाच, अगदी हळू, “पोनिरान.” आणि डोळे पुसत गेल्या.

तिवीने त्याच आठवड्यात माझ्यातली पेनं काढली आणि इबू स्रियातुनांची एकशे बारा कार्डं कॉम्प्युटरवर चढवली. मला वाटलं, आपले दिवस फिरले. पण पुढच्याच महिन्यात एक बसड्रायव्हर आला. त्याचा बाप कार्तोदिमेजो. कॉम्प्युटरवर नाव नव्हतं. तिवीने सवयीने मला जवळ ओढलं, चौकट पाहिली आणि सोडून दिलं. मग ती पळत समोरच्या कॉफीच्या दुकानात गेली. परत आली ती मान खाली घालूनच.

“‘का’च्या खणात साखरेच्या पुड्या आहेत,” ती म्हणाली.

“असू दे, म्बाक. तुम्ही काय करणार?” तो म्हणाला. त्याने हेल्मेट घातलं आणि निघून गेला.

मित्रांनो, जुनं ते सगळं साठवून ठेवा असं मी म्हणत नाही. पण एखादी चिठ्ठी निरुपयोगी म्हणून टाकून देण्याआधी ती कुणी आणि कुणासाठी लिहिली, एवढं विचारा. मला अजूनही त्या माणसाची पाठ दिसते. त्याला वाट दाखवायची माझी फार इच्छा होती. पण माझ्यावर ‘सास ते सेत’ एवढंच लिहिलेलं आहे.