एकवीस फेऱ्या

शरयूने ओल्या फडक्याची गाठ सोडली आणि हरभरे परातीत ओतले. मोड चांगले पेरभर आले होते. वरवंट्याने गुळाची ढेप फोडता फोडता तिचं सगळं लक्ष समोर होतं. दत्ताचं देऊळ, त्यामागचा पिंपळ आणि बाजूची विहीर असा मोठा वळसा घालत चौदा बायका चालल्या होत्या. तेरा जणी पुढे निघून गेल्या होत्या. बेबी मागे राहिली होती, एक हात कमरेवर आणि दुसरा देवळाच्या भिंतीला.

शरयूने एका वाटीतला चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकला. बारावी फेरी.

फेऱ्यांचा हा नेम कुठल्या पोथीत आहे असं कोणी विचारलं असतं तर शरयूची पंचाईत झाली असती. आदल्या वर्षी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये दोन बायका बाळंतपणात गेल्या होत्या. अंगात रक्तच नाही, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं डॉक्टरीणबाई महिला मंडळात येऊन सांगून गेल्या. मोड आलेलं कडधान्य खा, गूळ खा, पालेभाजी खा आणि रोज दीड मैल चाला. बायकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि त्या घरी गेल्या. भिजवलेले मूग नवऱ्याच्या डब्यात गेले, कारण तो पाळीवर राबत होता. उरलेले मुलांना गेले. बाईच्या ताटात नेहमीप्रमाणे पातेल्याचं बूड आलं. राहिलं चालणं. कामाशिवाय रस्त्यावर हिंडणाऱ्या सुनेला गल्ली काय म्हणेल ते सांगायला नकोच. शरयू मंडळाची चिटणीस. दोन महिने ती घरोघर फिरली, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग आषाढी एकादशी आली. चातुर्मासाचे नेम धरायला बायका देवळात जमल्या होत्या. कोणी कांदा सोडला, कोणी लाख वाती धरल्या. शरयूने डोळ्याची पापणी न लववता सांगितलं की तिच्या आजोळी एक नेम असतो. रोज दुपारी चारला एकवीस फेऱ्या घालायच्या, मोडाचे हरभरे आणि गूळ यांचा प्रसाद घ्यायचा, आणि जिने फेऱ्या घातल्या तिनेच तो तिथल्या तिथे खायचा. घरी नेला तर दोष लागतो. हे शेवटचं तिने ऐनवेळी जोडलं, आणि खरी मेख तिथेच होती.

देवळातले चिंतामणीबुवा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले होते. शेवटी म्हणाले, मला कोणी विचारलं तर मी हा नेम ऐकलाय म्हणेन, कुठे ते मात्र विचारू नका.

फिरायला न सोडणाऱ्या सासवा सुनांना कुंकू लावून पाठवायला लागल्या. घरटी मूठभर हरभरा यायला लागला. कोणाचा दीर पाटणच्या बाजाराला गेला की पायलीभर जास्तीचा आणायचा. रोज रात्री भिजत घालायचं, उपसायचं, बांधायचं काम शरयूवर आलं. तिचा नवरा नीलकंठ म्हणायचा, आपलं घर आहे की घोड्याचा तबेला. पण दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंनी बायकांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, तर आतला पांढरेपणा गेला होता. त्या दिवशी शरयूला फार आनंद झाला होता.

आणि मग लढाई लागली. गणपती करायला गेली आणि मारुती झाला. कारखान्याच्या पाळ्या बारा तासांच्या झाल्या, खिडक्यांच्या काचांना काळा कागद लागला, आणि रक्तासाठी काढलेल्या फेऱ्या बायका नवऱ्यासाठी, भावासाठी घालू लागल्या. बेबीचा रत्नाकर फौजेत गाड्या दुरुस्त करणारा. त्याचं शेवटचं पत्र गणपती बसायच्या आधी आलेलं. आता पितृपंधरवडा लागला होता, आणि पोस्टमन गल्लीत शिरला की बेबीची सासू, कुंदाकाकू, दारात येऊन उभी राहायची.

फेऱ्या संपल्या. बायकांनी ओंजळीत प्रसाद घेतला, उभ्या उभ्याच खाल्ला, आणि पाळी सुटायच्या आत चूल पेटवायला त्या पांगल्या. बेबी पायरीवर बसली. तिला न्यायला कुंदाकाकू आली होती. शरयूचं लक्ष बेबीच्या पायांकडे गेलं. पाऊल इतकं सुजलं होतं की जोडवी मांसात रुतली होती.

कालच डॉक्टरीणबाईंनी शरयूला दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. बेबीला आठवा महिना आहे, रक्तदाब वाढलाय, मीठ बंद आणि चालणं बंद, आता फक्त पडून राहायचं. नाहीतर दोन्ही जीव जातील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तीनदा बजावूनही पोरगी ऐकत नाही, तुमच्या मंडळातली आहे, तुमचं ऐकेल, असंही म्हणाल्या.

"बेबी, उद्यापासून तू यायचं नाही," ती म्हणाली.

"काहून?" कुंदाकाकूनेच विचारलं. "माझ्या लेकासाठी करून राहिली ती. नेम अर्धा टाकला तर काय होते, तुम्हाले सांगाव लागते का?"

आषाढात हीच कुंदाकाकू म्हणाली होती की देवळाभोवती चकरा मारायला सून काय बैल आहे का. शरयूला ते आठवलं, पण हसू आलं नाही. तिला फार थकल्यासारखं झालं होतं. खरं बोललं तर उद्या सकाळपर्यंत ते सगळ्या क्वार्टर्सभर होणार. तेरा घरांची दारं लागणार, हरभरे पुन्हा डब्यात जाणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोणीतरी जाणार. तिने परातीला चिकटलेला गूळ नखाने खरवडला. मग पुन्हा त्या जोडव्यांकडे पाहिलं.

"हा नेम माझ्या आजोळचा नाही," ती म्हणाली. "कुठलाच नाही. मी काढला. तुम्ही चालावं आणि पोटभर खावं म्हणून काढला. सोडलास तर काही होणार नाही, बेबी. मी खोटं बोलले होते."

आतून चिंतामणीबुवांच्या पळी-पंचपात्राचा आवाज येत होता.

"काढलाच असेल ना कोणीतरी," बेबी हळूच म्हणाली. "सगळेच नेम कोणीतरी काढले असतील, ताई. मला त्याचं काही नाही. पण मी रोज एकवीस घालते अन् रोज कोणी तार घेऊन येत नाही. उद्या नाही घातल्या, अन् उद्याच आली तर?"

शरयूने क्वार्टर्समधल्या मुलांना अंकगणित शिकवलं होतं, मंडळाच्या बायकांना सही करायला शिकवलं होतं, पण हे कुठे शिकवतात ते तिला ठाऊक नव्हतं. खरं बोलून झालं होतं आणि त्याचा उपयोग झाला नव्हता.

"अडलेल्या बाईच्या फेऱ्या दुसरीनं घातल्या तर चालतात," ती म्हणाली.

"असं कोण म्हणते?"

"मी म्हणते."

बेबीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही घालाल?"

"घालीन. तू पडून राहा. उशी पायाखाली घे."

कुंदाकाकूने सुनेला काखेत हात घालून उठवलं. दोन पावलं गेल्यावर कुंदाकाकू एकटीच मागे आली.

"हे बाकीच्यांपाशी बोलू नका, ताई," ती म्हणाली. "पोरी खाऊन राहिल्या. खाऊ द्या."

दुसऱ्या दिवसापासून बायका प्रसाद खाऊन गेल्या की परात धुऊन शरयू चालायला लागायची. इतके दिवस ती नुसती चिंचोके मोजत बसली होती. तिने स्वतः एकही फेरी घातलेली नव्हती आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पहिल्याच दिवशी उजवा गुडघा बोलायला लागला. सातव्या फेरीपासून तो दुखायचा, दहाव्या फेरीनंतर बधिर व्हायचा. चिंचोके हलवायला कोणी नसायचं, म्हणून ती मनात मोजायची. बेबी खरोखरच खाटेवर पडून होती. कुंदाकाकू स्वतः तिला अळणी भात भरवते, असं डॉक्टरीणबाईंनी कौतुकाने सांगितलं.

सहाव्या दिवशी शरयू विहिरीपाशी वळत होती तेव्हा पोस्टमनची सायकल दिसली. कधी नाही ते इतक्या उशिरा तो आला होता. शरयू चालत राहिली, पण मान वळलेलीच राहिली. कुंदाकाकू दारात आली होती. सायकल तिच्या दारापाशी हळू झाली. पोस्टमनने मान हलवली, तशीच सायकल पुढे काढली आणि तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला. पत्र नव्हतं. तारही नव्हती. कुंदाकाकूने पदराने तोंड पुसलं आणि दार लोटून घेतलं.

शरयू पिंपळापाशी थांबली. पंधरावी झाली होती की सोळावी, ते तिला काही केल्या आठवेना.

चिंतामणीबुवा पायरीवर समईची वात वळत बसले होते. ती का थांबली ते त्यांना समजलं असावं.

"सोळा धरा, ताई," ते म्हणाले. "विचारणारं कोण आहे? नेम तर..."

पुढचं ते बोलले नाहीत. कारखान्याचा भोंगा वाजला. घरी चूल थंड होती, नीलकंठ आता येईल, उद्याचे हरभरे अजून निवडायचे होते. शरयूने वाकून गुडघा दोन्ही हातांनी चोळला. मग पदर खोचला, पिंपळाच्या बुंध्याला हात लावला आणि पुन्हा चालायला लागली.

"एक," ती म्हणाली.