नवमीचा दोरा

मी एक जुना होल्स्टर आहे. होल्स्टर म्हणजे पिस्तूल कमरेला लावायची चामड्याची खोळ. लखनऊमधल्या एका घरात, दाराआडच्या खुंटीवर मी रिकामा लटकतो आहे. माझ्या बटणाजवळ लाल-पिवळ्या दोऱ्याचे एक तुटके टोक अजून अडकलेले आहे. मित्रांनो, ते कोणी काढत नाही आणि मलाही ते विसरता येत नाही.

माझा जन्म कानपूरचा. तिथल्या एका कारागिराने जाड कातडे भिजवून, साच्यावर ठोकून मला घडवले. पिस्तूल निसटू नये म्हणून वर एक पट्टी दिली आणि तिला टिचबटण लावले. "अभी सख़्त है," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "रोज़ हाथ लगाते रहिए, नरम हो जाएगा."

गिऱ्हाईक होते उल्हास मोघे, वर्ध्याहून लखनऊला येऊन रेल्वे पोलिसात नुकताच लागलेला तरुण. प्रशिक्षण देणारे त्याचे उस्ताद मोठे खाष्ट होते. पिस्तूल रिकामे करायचे, पट्टी उघडायची, पिस्तूल बाहेर काढायचे, परत ठेवायचे. बोटे सोलवटेपर्यंत हेच. कोणी कंटाळला तर उस्ताद ओरडत, "डर सबको लगेगा! और डर में दिमाग़ नहीं चलेगा, हाथ वही करेगा जो रोज़ किया है। घर लौटना है कि नहीं?"

उल्हासला घरी परतायचे होते, म्हणून तो घाम गाळत राहिला. मीही नरम झालो. त्याचा अंगठा टेकायचा अवकाश, माझी पट्टी उघडायची. चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर उस्ताद एकदा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबाश, मोघे." त्या थापेतला थोडा वाटा माझा होता असे मी आजही मानतो.

पुढे उल्हासचे उल्हासराव झाले आणि उल्हासरावांचे इन्स्पेक्टर साहेब. खुर्ची आली, फायली आल्या, पोटही आले. चांदमारीचा दिवस आला की साहेबांची नेमकी मीटिंग निघे. मला वरून पॉलिश व्हायचे, आतून मात्र माझे कातडे वाळत चालले होते. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, तशी माझी गत झाली.

वर्षातून एकदा मात्र माझा थाट असे. खंडेनवमीला साहेब परवानगी काढून पिस्तूल घरी आणत. ते रिकामे करून माझ्यासकट पाटावर ठेवत. त्यांच्या पत्नी मधुमतीताई हळदकुंकू वाहत, झेंडू ठेवत आणि पट्टीवरून नाडाछडीचे वेढे घालून गाठ मारत. "याच्यावर भार आहे हो आमचा," असे पुटपुटून त्या हात जोडत. पूजेतले शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही, अशी त्यांच्या माहेरची रीत होती.

साहेबांच्या हाताखाली हिमानी रावत नावाची सब-इन्स्पेक्टर होती. ती रोज सकाळी रिकाम्या पिस्तुलाने सराव करी. साहेब तिला चिडवत, "अरे हिमानी, किससे लड़ाई है?" ती हसून म्हणे, "सर, अपने आलस से." मला ती मुलगी फार आवडायची.

त्या नवमीला पूजा आटोपते न आटोपते तोच तिचा फोन आला. वॅगनमधली तांब्याची तार चोरणारी टोळी कानपूर रोडवरच्या एका गोदामात शिरली होती. साहेब पाटापाशी गेले.

"अहो, उद्यापर्यंत हलवायचं नसतं," मधुमतीताई कळवळून म्हणाल्या.

"मम्मी, ड्यूटी है पापा की," त्यांची लेक ऋचा म्हणाली.

साहेबांनी पिस्तूल भरले, पण मधुमतीताईंनी ते माझ्यात ठेवायला लावले आणि दोरा पुन्हा बांधला. निदान तेवढे तरी राहू द्या, म्हणाल्या. साहेबांना मन मोडवले नाही.

गाडीत हिमानीची नजर लगेच माझ्यावरच्या दोऱ्याकडे गेली. "सर, ये कलावा काट दीजिए."

"पूजा का है, रक्षा ही करेगा," साहेब म्हणाले. "ज़रूरत पड़ी तो तोड़ लेंगे." तहान लागल्यावर विहीर खणायची, ती ही अशी.

गोदामात पोत्यांच्या थप्प्या होत्या. हिमानी पिस्तूल रोखून पुढे झाली. "सर, बाईं तरफ़ आप देखिए," ती म्हणाली आणि तिने तिकडे पाठ केली. साहेबांवर तिचा विश्वास होता.

डावीकडच्या थप्पीआडून एक माणूस गावठी कट्टा घेऊन बाहेर आला. साहेबांचा हात माझ्यावर पडला. अंगठा बटण शोधू लागला. बटण दोऱ्याखाली होते आणि कातडे ताठ होते. त्यांनी हिसका दिला, तसा पिस्तुलाबरोबर मीही वर ओढला गेलो. दुसरा हिसका दिला तेव्हा त्या कट्ट्यातून गोळी सुटली होती. ती हिमानीच्या उजव्या खांद्यात शिरली. मागून आलेल्या शिपायांनी त्या माणसाला धरले. साहेब अजून गाठीशी झटापट करत होते.

दवाखान्यात बाकावर बसून त्यांनी खिशातल्या किल्लीने तो दोरा कापला. सहज कापला गेला. मग ते तोंड झाकून लहान मुलासारखे रडले. मलाही रडावेसे वाटले, पण चामड्याला कुठले रडू येणार?

साहेब दुसऱ्याच दिवसापासून सरावाला लागले. काही महिन्यांत मी पुन्हा लोण्यासारखा मऊ झालो. एका दुपारी हिमानी घरी आली. तिचा उजवा हात निर्जीव लोंबत होता. साहेबांनी मला तिच्यापुढे धरले. "ये तुम रख लो, हिमानी. अब बिल्कुल नरम है."

तिने मला डाव्या हातात घेतले, उलटेसुलटे पाहिले आणि हळूच म्हणाली, "सर, ये तो दाहिने हाथ का है."

साहेबांनी मला तिच्या हातातून परत घेतले. त्या दिवशी मला खुंटीवर टांगले, तो मी अजून तिथेच आहे.

मित्रांनो, मी त्या दोऱ्याला दोष देत नाही. तो बांधणाऱ्या हातात माया होती. पण ज्याच्यावर जीव सोपवायचा, त्याला नुसते पुजू नका. त्याला रोज हात लावा. तुमच्याकडे पाठ करून कोणीतरी निर्धास्त उभे असते.

या नवमीला साहेबांचा नवा होल्स्टर पाटावर होता. मधुमतीताईंनी त्याला हळदकुंकू वाहिले. नाडाछडी हातात घेतली, दाराआड माझ्याकडे पाहिले आणि ती तशीच ताटात परत ठेवली.